वाऱ्याचे माप कोणाच्या हाती?

बाजारात किराणा दुकानदाराच्या काट्यावर सरकारी शिक्का असतो. गिऱ्हाईक शिकलेले असो वा नसो, शिक्का नसलेल्या काट्यावर धान्य घेऊ नये एवढे त्याला कळते. दुधात पाणी किती, पंपावर लिटर पुरता पडतो की नाही, कापडवाल्याचा मीटर आखूड तर नाही, हे सर्व तपासण्यास निरीक्षक आहेत. आता हवेचे पाहा. धडधाकट माणूस दिवसाला दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो. वजन केले तर ती बारा-तेरा किलो भरेल. म्हणजे दोन वेळचे जेवण आणि दिवसभराचे पाणी एकत्र केले तरी त्याहून जास्त. एवढा माल आपण रोज पावतीवाचून घेतो. त्यात काय मिसळले आहे हे कोणी मोजले, कोठे मोजले, किती वाजता मोजले आणि मोजणाऱ्याला पगार कोणी दिला, असे आपण सहसा विचारीत नाही.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा ह्याच चार प्रश्नांचा इतिहास सांगावा असे आम्हास वाटले. आम्ही विद्यापीठातले पंडित नव्हे. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि इंग्रजी पुस्तकाशेजारी शब्दकोश उघडा ठेवून झाले. तीस वर्षे आम्ही रासायनिक कारखान्यांच्या दारांत उभे राहिलो. पगार, बोनस, बदली कामगारांची कायम नेमणूक, कंत्राटी मजुरांची हजेरी ह्यांवर आम्ही पुष्कळ बोललो. हवेवर फारसे बोललो नाही. ते का बोललो नाही, हेही आज सांगावयाचे आहे. परंतु ते शेवटी.

हवेचे माप घेण्यास सरकारी माणूस नेमण्याची चाल इंग्लंडात पडली. तेथे एकोणिसाव्या शतकात धुण्याचा सोडा करणारे कारखाने मिठावर गंधकाम्लाची क्रिया करीत आणि तिच्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यावाटे सोडून देत. शेतातली पिके जळत, झाडे वठत, लोखंड गंजे. गरिबांच्या छातीची तक्रार कोणी ऐकत नव्हते. परंतु जमीनदारांची पिके आणि झाडे जळू लागली तेव्हा पार्लमेंटला जाग आली, आणि १८६३ साली अल्कली कायदा झाला. ह्या वायूपैकी किमान ९५ टक्के वायू कारखान्याने अडवलाच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. ९५ म्हटले की मोजणी आली आणि मोजणी म्हटली की मोजणारा आला. रॉबर्ट अँगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ पहिला निरीक्षक नेमला गेला. आम्लयुक्त पावसाचा अभ्यास करून त्याने १८७२ साली ग्रंथ लिहिला, हे पुष्कळांना माहीत असते. आमच्या दृष्टीने त्याचे मोठेपण निराळे आहे. सरकारचा पगार घेणारा माणूस कारखान्याच्या धुराड्याशी जाऊन ‘तुझ्या मापात पाप आहे’ असे आकड्यानिशी सांगू शकतो, ही गोष्ट त्याच्या नेमणुकीने प्रथम रूढ झाली. मात्र हे माप धुराड्याशी होते. वस्तीतल्या घराच्या खिडकीशी ते अजून आले नव्हते.

खिडकीशी माप नसले म्हणजे काय होते, ते अमेरिकेतील डोनोरा गावाने १९४८ साली भोगले. पेनसिल्व्हेनिया राज्यात मोनोंगहेला नदीच्या वळणावर, टेकड्यांच्या खोबणीत हे सुमारे चौदा हजार वस्तीचे गाव. नदीकाठाने पोलाद, तार आणि जस्त ह्यांचे कारखाने. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस खोऱ्यावर हवेचा उबदार थर झाकणासारखा बसला, आणि कारखान्यांचा धूर व वायू खालीच कोंडून राहिले. गावकऱ्यांना धुराची सवय होती. त्या शनिवारी शाळेचा फुटबॉलचा सामनादेखील पार पडला. प्रेक्षकांना चेंडू दिसत नव्हता एवढेच. तिकडे अग्निशामक दलाचे लोक प्राणवायूच्या नळ्या घेऊन अंधारात घरे चाचपडत होते. रविवारी सकाळी जस्ताच्या भट्ट्या थंड करण्यात आल्या, मागोमाग पाऊस आला आणि हवा मोकळी झाली. तोवर वीस माणसे दगावली होती. पुढे केलेल्या पाहणीत आढळले की सुमारे सहा हजार लोकांना, म्हणजे गावातील दर शंभरांतील चाळिसांहून अधिकांना, कमीजास्त बाधा झाली होती.

नंतर सरकारी आरोग्य खात्याचे तज्ज्ञ आले. त्यांनी घरोघर विचारपूस केली, उपकरणे मांडली, १९४९ साली मोठा अहवाल काढला. परंतु ते पाच दिवस ज्या हवेने माणसे मारली ती हवा कोणीच बाटलीत भरून ठेवलेली नव्हती. तज्ज्ञ मोजत होते ती पावसाने धुतलेली, नंतरची हवा. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. अमुक एका वायूवर बोट ठेवता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. कंपनीने ही निसर्गाची, देवाची करणी असल्याचे म्हणणे मांडले आणि १९५१ साली कोणताही दोष पदरी न घेता सर्व दावे मिळून २,३५,००० डॉलरांत मिटवले. माप नसले की दोष देवाच्या खात्यावर जातो, हा डोनोराचा पहिला धडा.

दुसरा धडा आम्हा युनियनवाल्यांसाठी आहे. डोनोरातील बहुतेक घरांची चूल त्याच कारखान्यांवर पेटत होती. हवेविषयी बोलावे तर भट्टी बंद पडेल, ही भीती प्रत्येक घरात होती. तरीसुद्धा त्या वेळच्या पोलाद कामगारांच्या युनियनने चौकशीसाठी दहा हजार डॉलर गावाच्या हाती ठेवले. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. युनियनचा पैसा म्हणजे कामगाराच्या घामाचा पैसा. तो वस्तीची हवा तपासण्यासाठी खर्च करावा, असे तिकडच्या कामगारांना १९४८ साली सुचले होते. आणि ज्याची भीती होती ते जस्ताचे काम १९५७ साली बंद पडलेच. वस्तीच्या तक्रारीने ते बंद पडले नाही. भट्ट्या जुन्या झाल्या होत्या आणि मालकाचा हिशेब जुळेना.

डोनोरानंतर चारच वर्षांनी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ ह्या काळात लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. चार हजार मृत्यूंचा हिशेब तेव्हाच निघाला. पुढच्या संशोधकांनी ती संख्या बारा हजारांपर्यंत नेली. लंडनमध्ये निदान धूर आणि गंधकाचा वायू मोजणारी केंद्रे होती, म्हणून आकडे आणि मृत्यू एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडता आले. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, तो असा कागद टेबलावर होता म्हणून.

येथून पुढे देशोदेशी स्थिर मापनकेंद्रांची प्रथा पडली. शाळेच्या गच्चीवर किंवा सरकारी इमारतीवर यंत्र बसवावयाचे आणि दिवसाची सरासरी काढावयाची. ही प्रथा उपयोगी आहे. तिची निंदा आम्ही करणार नाही. परंतु सरासरी ही चीज कशी असते, ते कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. व्यवस्थापकाचा आणि झाडूवाल्याचा पगार एकत्र करून सरासरी काढली तर झाडूवाला कागदावर सुखी दिसतो. समजा, रात्री दोन वाजता अर्धा तास वायू सुटला आणि त्या अर्ध्या तासात यंत्रावर ४८० हा आकडा आला. बाकीचे साडेतेवीस तास शून्य. चोवीस तासांची सरासरी १० येईल. कागद म्हणेल, सर्व ठीक. आणि त्या अर्ध्या तासात ज्या मुलाला धाप लागली त्याची आई म्हणेल, कागद खोटा. वास्तविक कागद खोटा नाही. त्या आईचा प्रश्न कागदाला कोणी विचारलाच नव्हता. शिवाय यंत्र एका ठिकाणी आणि वारा दहा दिशांना. विषारी वायूंचे नमुने तर अनेक ठिकाणी रोज घेतच नाहीत. अमेरिकेतील विषारी वायूंच्या राष्ट्रीय केंद्रांवर सहा दिवसांतून एकदा घेण्याची रीत आहे. मधले पाच दिवस वारा कोणाचा?

ह्यावर उपाय म्हणून प्रयोगशाळेलाच चाके लावण्याची कल्पना आली. कॅनडातील साएक्स ह्या कंपनीने १९७०नंतरच्या दशकात एक यंत्र घडवले. ते बाहेरची हवा नळीने थेट आत ओढते, तिच्यातील रेणूंना विद्युतभार देते आणि त्यांच्या वजनावरून त्यांची निवड करते. टांकसाळीत नाणी वजनावर वेगळी काढावीत तसे. पूर्वी नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवावा आणि आठवड्यांनी उत्तर यावे, अशी रीत होती. ह्या यंत्राने उत्तर काही सेकंदांत येऊ लागले, आणि यंत्र मोटारीत मावत होते. १० नोव्हेंबर १९७९च्या रात्री टोरांटोजवळच्या मिसिसॉगा शहरात मालगाडी घसरली, आग लागली आणि क्लोरीनची टाकी फुटली. दोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. ओंटारिओच्या पर्यावरण खात्याची फिरती प्रयोगशाळा त्या वेळी हवा तपासत होती. एवढ्या मोठ्या अपघातात एकही माणूस मेला नाही. त्याचे मुख्य श्रेय वेळीच वस्ती हलवण्याला आहे. परंतु लोकांना परत केव्हा आणावे, हे ठरवण्यास आकडे लागतात, आणि ते जागेवर मिळाले. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही अशा यंत्रांच्या बसगाड्या बाळगल्या. २००१ साली न्यू यॉर्कचे मनोरे कोसळल्यावर, २००५च्या कॅटरिना वादळानंतर आणि २०१०च्या मेक्सिको आखातातील तेलगळतीत त्या धावल्या.

येथपर्यंतचा इतिहास यंत्रांचा आणि सरकारांचा झाला. आता माणसांकडे वळू. आमच्या धंद्यातला एक माणूस ह्या इतिहासात मोठा आहे: टोनी माझोकी. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९२६ साली जन्मलेला, शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेलेला, नंतर कारखान्यात लागून तेल, रसायन आणि अणुऊर्जा कामगारांच्या युनियनचा पुढारी झालेला. अणुचाचण्यांची धूळ मुलांच्या हाडांत जाते की काय हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ दुधाचे दात गोळा करीत होते, तेव्हा ह्याने आपल्या सभासदांच्या मुलांचे पडलेले दात गोळा करण्याची मोहीम काढली. १९७० साली अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, त्यामागे त्याची वणवण होती. आणि १९७३ साली ह्या युनियनने शेल कंपनीविरुद्ध संप पुकारला. मागणी पगाराची नव्हती. कोणत्या पदार्थाशी आम्ही काम करतो, कारखान्यातील हवेत तो किती असतो, हे मोजण्याचा आणि जाणण्याचा हक्क आम्हास हवा, आणि त्यासाठी मालक-कामगारांची संयुक्त समिती हवी, ही मागणी होती. इतर बहुतेक तेल कंपन्यांनी ती मान्य केली होती, शेलने नाकारली. सुमारे चार हजार कामगार महिनोन् महिने बाहेर राहिले, आणि निसर्गरक्षणाच्या संस्थांनी संपाला पाठिंबा दिला. माझोकीचे म्हणणे सरळ होते. जे विष कुंपणाबाहेर जाते, ते आधी कुंपणाच्या आतल्या माणसाच्या फुप्फुसातून जाते. तेव्हा हे दोघे वेगळे नाहीत.

वाक्य सरळ, परंतु आचरणास कठीण. त्याच वर्षी, १९७३ साली, लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या नॉर्को गावी शेलच्या रासायनिक कारखान्यातील वायू पेटला आणि शेजारच्या डायमंड वस्तीतील एक वृद्ध बाई व गवत कापणारा एक मुलगा असे दोघे मेले. डायमंड म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चार गल्ल्या. एका अंगाला रासायनिक कारखाना, दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण. कारखान्यातील चांगल्या नोकऱ्या बहुतेक गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गोऱ्या घरांत. एकाच गावात एकाला पगार आणि दुसऱ्याला धूर, अशी वाटणी झाली म्हणजे मालकाला वेगळे भांडण लावावे लागत नाही.

डायमंडच्या मार्गी रिचर्ड ह्या शिक्षिकेने वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. उत्तर ठरलेले: पुरावा दाखवा. पुरावा देणारे यंत्र लाखो डॉलरांचे. मग त्यांच्या हाती एक बादली आली. त्या बादलीची हकीकत अशी की, १९९४ साली कॅलिफोर्नियातील रोडिओ येथे एका तेलशुद्धीकरण कारखान्यातून सोळा दिवस विषारी द्रव्य गळत राहिले. तेथील लोकांचा वकील एडवर्ड मॅझ्री ह्याने १९९५ साली एका अभियंत्याकडून स्वस्त साधन करवून घेतले. साधी झाकणाची प्लास्टिकची बादली, आत विशिष्ट प्लास्टिकची पिशवी आणि बादलीतील हवा काढून घेणारा छोटा पंप. बादलीत पोकळी झाली की पिशवी बाहेरची हवा ओढून फुगते. पिशवी प्रयोगशाळेत पाठवावयाची. प्रयोगशाळा तीच, जी कंपन्यांचेही नमुने तपासते. म्हणून आकड्यावर वाद घालणे अवघड. लोकांनी आपल्या मंडळींना ‘बादली-पथक’ असे नाव दिले. मार्गीबाईंनी २००० साली हेगच्या परिषदेत शेलच्या अधिकाऱ्यापुढे नॉर्कोच्या हवेची पिशवी धरली. २००२ साली कंपनीने चारही गल्ल्यांतील घरे विकत घेण्याचे मान्य केले, आणि २००४ साली त्यांना गोल्डमन पारितोषिक मिळाले. वस्ती उठली हे सुख की दुःख, ह्यावर आम्ही निवाडा देत नाही. परंतु ज्या चार गल्ल्यांचे म्हणणे तीस वर्षे ऐकले गेले नाही, त्यांचे आकड्यासह ऐकले गेले, हे खरे.

बादली आपल्या देशातही आली. तमिळनाडूतील कडलूर येथे औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावकऱ्यांनी २००४ साली तिने नमुने घेतले. त्यांच्या कामातली एक गोष्ट आम्हास फार आवडली. त्यांनी वासांची नोंदवही ठेवली: कुजक्या कोबीचा, नखपॉलिशचा, अशी वासाची ओळख, तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा. नाक हे गरिबाचे पहिले यंत्र. वही लिहिली की त्या यंत्राची नोंद राहते, आणि बादली केव्हा उघडावी हे वही सांगते.

आता अलीकडचा काळ. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात २०१५-१६ साली रस्त्यांची छायाचित्रे काढणाऱ्या गूगलच्या मोटारींवर हवेची उपकरणे बसवून वर्षभर गल्लोगल्ली फिरवली. २०१७ साली निष्कर्ष छापून आले: एकाच चौकाच्या परिसरात, हाकेच्या अंतरावर, प्रदूषण पाच ते आठ पटींनी बदलते. म्हणजे शहराचा एक आकडा सांगणे हे मुंबईतील एका घराचे भाडे सांगून सर्व मुंबईचे सांगितले असे म्हणण्यासारखे आहे. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पीटर डीकार्लो ह्यांच्या पथकाने फिरती प्रयोगशाळा मिसिसिपीच्या त्याच काठावर, नॉर्कोच्या पंचक्रोशीत नेली. तेथे इथिलीन ऑक्साइड नावाचा वायू मोजला. दवाखान्यातील उपकरणे निर्जंतुक करण्यास आणि इतर रसायने करण्यास तो लागतो. तो कर्करोगकारक आहे, आणि घातक प्रमाणातही नाकाला कळत नाही. आयुष्यभर श्वासात राहिला तर एक लाख कोटी भागांत ११ भाग एवढ्यानेसुद्धा दहा हजारांत एकाला कर्करोगाचा जादा धोका, असे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे गणित आहे. पथकाला त्या टापूत सरासरी सुमारे ३१ भाग आढळले, आणि कारखान्यांजवळ काही ठिकाणी एक हजाराच्या वर. कंपन्यांनी स्वतः भरलेल्या उत्सर्जनाच्या आकड्यांवरून सरकारने जो अंदाज बांधला होता, त्याहून प्रत्यक्ष माप बरेच जास्त निघाले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या तर हिशेब असाच जुळतो. जून २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

वाचकांना वाटेल, आता सरकारने ह्या मोटारीला हार घातला असेल. त्याच २०२४ साली लुइझियाना राज्याने कायदा केला की, लोकांनी घेतलेल्या हवेच्या मापावरून कंपनीने नियम मोडला असा आरोप करावयाचा असेल, तर केंद्रसरकारच्या संस्थेने मान्य केलेली महागडी उपकरणे व पद्धतीच वापरली पाहिजेत. नपेक्षा जबर दंड. २०२५ साली तेथील लोकसंस्थांनी ह्या कायद्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. पाहा, बादली स्वस्त होती तोवर तिला हसले. बादलीवाले खरे निघू लागले तेव्हा बादलीसाठी कायदा झाला. माप अचूक हवे, हे आम्हासही मान्य आहे. परंतु अचूकपणाची अट फक्त वस्तीला आणि कंपनीला मात्र स्वतःचाच अंदाज, हा न्याय नव्हे.

आपल्याकडचा कायदा १९८१चा. त्याच्या २६व्या कलमाने कारखान्याच्या धुराड्याचा नमुना कायदेशीर पुरावा म्हणून घेण्याचा अधिकार मंडळाच्या अधिकाऱ्याला आहे, आणि नमुना घेताना कारखानदाराला तेथल्या तेथे नोटीस द्यावी लागते. मुंबईत तुर्भ्याच्या किनाऱ्यावर १९५४-५५ साली तेलशुद्धीकरण आले. माहुल हे तिथलेच जुने गाव. तेथील रहिवाशांच्या आरोग्याला हवेमुळे धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली म्हटले. तरीही २०१७पासून तानसा जलवाहिनीकाठच्या उठवलेल्या झोपड्यांतील कुटुंबे तेथेच नेऊन ठेवण्यात आली. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरण्यास सांगितले. कागदावर धोका मान्य होऊनही माणसे धोक्यात नेता येतात. म्हणजे नुसते माप पुरत नाही. मापामागे संघटना लागते.

आणि येथे आम्हास आमची गोष्ट सांगितली पाहिजे.

तीसएक वर्षांपूर्वी, आम्ही उमेदवारीत असताना, एका औद्योगिक पट्ट्यातील रंगाची रसायने करणाऱ्या कारखान्यात आमची युनियन होती. कुंपणाला लागून पत्र्याच्या घरांची वस्ती. एके संध्याकाळी वस्तीतल्या पाच-सहा बाया युनियनच्या कचेरीत आल्या. त्यांतली वयस्क मावशी म्हणाली, “भाऊ, रात्री दोन-अडीचला डोळे झोंबतात, पोरं उठून ओकतात. सकाळी विचारावं तर गेटवर म्हणतात, काही सोडलंच नाही. तुमची माणसं आत असतात. त्यांना ठाऊक असणार.”

आम्हास ठाऊक होते. तिसऱ्या पाळीत वायू धुवून काढणारे यंत्र बंद ठेवीत. विजेची आणि कॉस्टिकची बचत. आमच्या सभासदांनी ते आम्हास सांगितले होते, आणि पाळीच्या वहीत वेळाही होत्या. त्याच सुमारास एका सरकारी खात्याची हवा तपासणारी मोटार येऊन गेली होती. येण्याची वर्दी दोन दिवस आधी आली. मोटार दुपारी दोन वाजता वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहिली आणि पाच वाजता गेली. आकडे उत्तम आले. आम्ही त्या मावशीला तोच कागद दाखवला आणि वर म्हणालो, “मावशी, उद्या कारखान्याला टाळं लागलं तर तुमच्याही पोरांच्या हातचं काम जाईल.” त्या काही बोलल्या नाहीत. मुलाला काखेला मारून उठून गेल्या.

चार वर्षांनी मालकाने ती जमीन विकण्याचे ठरवले आणि कारखाना बंद केला. वस्तीने एकही अर्ज केलेला नव्हता. आमच्या दोनशे सभासदांची देणी मिळवता मिळवता आमचे केस पिकले. त्या दोनशेंपैकी कितीतरी जणांना दम्याने गाठले. पण त्यांनी काय श्वासात घेतले ह्याचा एकही आकडा आमच्यापाशी नव्हता, कारण जो आकडा वस्तीला मिळाला असता तोच आमच्या माणसांनाही उपयोगी पडला असता, आणि तो आम्ही होऊ दिला नव्हता. डोनोराच्या युनियनने दहा हजार डॉलर दिले. आम्हास फक्त एक वही उघडावयाची होती.

म्हणून आता आम्ही युनियनच्या सभांतून तीन गोष्टी मागतो. फिरती प्रयोगशाळा वर्दी न देता यावी आणि रात्रीही यावी. कोठे व केव्हा उभे राहावयाचे हे ठरवताना वस्तीची वही आणि पाळीची वही दोन्ही पाहाव्यात. दुसरे, मोटार फार तर काही तासांची पाहुणी असते. ती आज हवा मोजते, उद्या निघून जाते, म्हणून ती स्थिर केंद्राची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही हवीत. तिसरे, आकडे आले की ते मराठीत, साध्या भाषेत, रेशन दुकानाच्या फलकावर दुसऱ्या दिवशी लागले पाहिजेत, आणि यंत्र कशाकशाचे माप घेऊ शकत नाही हेही त्याखाली लिहिले पाहिजे. जो वायू मोजलाच नाही, त्याविषयी ‘आढळला नाही’ असे लिहिणे हीदेखील मापातली लबाडी आहे.

कामगाराला भीती वाटते, ती खोटी नाही. वस्तीतल्या आईला धाप लागलेले मूल दिसते, तेही खोटे नाही. ह्या दोघांना समोरासमोर उभे करून तिसरा सुटतो, हाच डोनोरापासून आजवरचा इतिहास आहे. आम्ही हल्ली ज्या कारखान्यांत काम करतो तेथे युनियनच्या कचेरीत एक जाड वही टांगली आहे. रातपाळीचा माणूस घरी जाताना तीत वेळ लिहितो. वस्तीतल्या बाया सकाळी येऊन वास आणि वेळ लिहितात. दोन अक्षरे एकाच पानावर शेजारी येतात. ती मावशी आता कोठे असेल आम्हास ठाऊक नाही. ती भेटली तर हे पान तिला दाखवावे, एवढेच मनात आहे.